एकच प्रत : कोकणातील घरगुती फिल्म आणि तिचे डिजिटल रूपांतर

रत्नागिरी जिल्ह्याचा चलच्चित्राशी पहिला ठळक संबंध आला तो एका गणितज्ञामुळे. दापोली तालुक्यातील मुर्डी या गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ‘सीनियर रँग्लर’ हा गणितातील सर्वोच्च मान मिळवला, त्या वर्षी तो दोघांत विभागून दिला गेला होता, आणि १९०१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी केले. लुमिएर बंधूंच्या चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाल्यावर भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला होता आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण करून ती फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवली होती. परांजपे यांच्या स्वागताची त्यांची फिल्म ही भारतीयाने केलेल्या वार्ताचित्रणाचा आरंभ मानली जाते; परंतु ती आज शिल्लक नाही आणि तिच्याविषयी जे सांगता येते ते लिखित नोंदींवरूनच.

याच किनाऱ्यावरील आणि परांजपे यांच्याच नात्यातील दुसऱ्या एका पुरुषाची फिल्म मात्र टिकली. खेड तालुक्यातील शेरवली येथे १८५८ साली जन्मलेले महर्षी धोंडो केशव कर्वे १९५८ मध्ये शंभर वर्षांचे झाले, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्याच वर्षी फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या संस्थेने नील गोखले आणि राम गबाले यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांच्यावर माहितीपट काढला, जो आजही पाहायला मिळतो. एक चित्रण गेले आणि दुसरे राहिले यात विषयाच्या महत्त्वाचा भाग थोडा आहे. मधल्या अर्धशतकात फिल्म सुधारली हेही एक कारण असले, तरी मुख्य कारण प्रतींच्या संख्येत आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटाची निगेटिव्ह जपली जात असे, तिच्यावरून अनेक प्रती निघत, त्या देशभर चित्रपटगृहांत आणि फिरत्या गाड्यांतून दाखवल्या जात, आणि एखादी प्रत झिजली तरी मूळ निगेटिव्हला धक्का लागत नसे. भाटवडेकर हे एकटे व्यावसायिक होते आणि त्यांच्या मागे अशी कोणतीही व्यवस्था नव्हती.

प्रतींची ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे घरगुती फिल्मचा प्रश्न किती अवघड आहे ते कळते. हौशी माणसाच्या कॅमेऱ्यात सामान्यतः जी फिल्म घातली जात असे तिला ‘रिव्हर्सल’ फिल्म म्हणतात, म्हणजे रासायनिक प्रक्रियेत तिच्यावरील उलटे चित्र सुलटे केले जाते आणि कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच पुढे प्रोजेक्टरमधून पडद्यावर दाखवली जाते. निगेटिव्ह अशी काही उरतच नाही. जे चित्रण झाले त्याची पृथ्वीच्या पाठीवर एकच प्रत असते, आणि प्रत्येक वेळी ती दाखवताना ती एकच प्रत थोडी थोडी ओरखडली जाते. पत्रिका, वंशावळ किंवा सातबारा यांची नक्कल करून ठेवण्याची सवय कोकणातील घरांना जुनी आहे. फिल्मची नक्कल घरी करता येत नव्हती, म्हणून ती सवय तिच्या बाबतीत उपयोगी पडली नाही.

फिल्म घरी करता येत नाही ही समजूतही तशी अलीकडची आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले तेव्हा कच्ची फिल्म कडेला छिद्रे न पाडलेली येत असे, आणि ती छिद्रे पाडण्याचे काम दादरच्या घरी अंधारात हाताने करावे लागे. सरस्वतीबाई फाळके हे काम करत, शिवाय फिल्म धुण्यात आणि कुटुंबाबरोबर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यातही त्यांचा दिवस आणि रात्र जात असे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला सुमारे ३७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा या अर्थाने घरगुती सामग्रीवर तयार झालेला चित्रपट होता. पुढे त्याची रिळे सांभाळली गेली तीही कोणत्या कोठारात नव्हे, कुटुंबात. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडे उरलेली रिळे मिळवून त्यांच्या प्रती करून घेतल्या, आणि चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच त्यातून हाती आले. हे अवशेष १९१३ चे नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल तर पहिली आवृत्ती संपूर्णच गेली असे म्हणावे लागेल. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यांतील सुमारे तीसच अंशतः किंवा पूर्णतः उरले, असे जे सांगितले जाते त्या पार्श्वभूमीवर ही दोन रिळेही थोडी नाहीत. बाकीच्यांतील कित्येक फिल्म चांदीसाठी विकल्या गेल्या, कारण कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या कणांचे असते आणि भंगारवाल्याला त्या कणांची किंमत कळत होती.

संग्रहालयात गेलेली वस्तू सुरक्षितच राहते असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागून संग्रहालयाची जुनी नायट्रेट फिल्म जळाली. नायट्रेट, म्हणजे सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून केलेला पारदर्शक पदार्थ, हा अतिज्वालाग्राही असतो, एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो, आणि १९५१ च्या सुमारास त्याचे उत्पादन बंद होईपर्यंत चित्रपटगृहांतील ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म सामान्यतः त्याचीच असे. घरगुती फिल्मला हा धोका सहसा नसतो, कारण ९.५ मिलिमीटरची पाथे कंपनीची फिल्म १९२२ मध्ये आणि १६ मिलिमीटरची कोडॅकची फिल्म १९२३ मध्ये बाजारात आली तीच मुळी ‘सेफ्टी’ म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटवर. जुन्या घरात ३५ मिलिमीटरची पट्टी सापडलीच, तर ती घरी चालवू नये, तज्ज्ञाच्या हाती द्यावी, एवढेच या बाबतीत सांगण्यासारखे आहे.

अशा पट्ट्यांचे तुकडे कोकणातील मुलांना अपरिचित नव्हते. चित्रपटगृहाच्या ऑपरेटरकडून किंवा जत्रेतल्या तंबूमागून मिळवलेले चार-सहा चौकटींचे तुकडे, पाणी भरलेला निकामी विजेचा दिवा भिंग म्हणून, आणि दाराबाहेर आरसा धरून आत पाडलेला उन्हाचा कवडसा, एवढ्या सामग्रीवर अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चित्र पाडण्याचा खेळ महाराष्ट्रात गावोगाव चाले. आरसा धरणाऱ्या मुलाला चित्र दिसत नसे आणि त्यावरून भांडणे होत. या खेळाचे तत्त्व आणि आजच्या घरगुती रूपांतराचे तत्त्व एकच आहे : मागून समान प्रकाश, मध्ये स्थिर चौकट आणि पुढे तिला मोठे करणारे भिंग.

आठ मिलिमीटरची फिल्म १९३२ साली कोडॅकने काढली ती खर्च कमी करण्यासाठी. प्रत्यक्षात ती १६ मिलिमीटर रुंदीची २५ फूट पट्टी असे, ती कॅमेऱ्यातून एकदा गेली की अर्ध्या रुंदीवर चित्रण होई, मग रीळ काढून उलटे बसवले की उरलेल्या अर्ध्या भागावर, आणि धुतल्यानंतर पट्टी मधोमध चिरून जोडली की ५० फूट लांबी मिळे. रीळ उलटायचे विसरले तर एकाच चित्रावर दुसरे चित्र उमटे, आणि मग लग्नाच्या पंगतीतून समुद्राच्या लाटा जाताना दिसत. १९६५ मध्ये आलेल्या ‘सुपर ८’ या प्रकारात फिल्म बंद डबीत मिळू लागली, छिद्रे लहान झाल्यामुळे चित्राची चौकट मोठी झाली आणि ही चूक करण्याची सोयच राहिली नाही. पन्नास फुटांच्या जुन्या रिळात ४००० चौकटी असतात आणि सेकंदाला १६ या गतीने ते चार मिनिटे दहा सेकंद चालते. सुपर ८ च्या तेवढ्याच लांबीत ३६०० चौकटी बसतात आणि सेकंदाला १८ या गतीने त्या तीन मिनिटे वीस सेकंदांत संपतात. एका घराचे दहा वर्षांचे सण या हिशेबाने तासाभरात मावतात.

परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध असलेल्या काळात भारतात हा छंद थोड्यांनाच परवडणारा होता. रत्नागिरीसारख्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या जिल्ह्यात ज्या घरातले कोणी बोटीवर, आखाती देशांत, पूर्व आफ्रिकेत किंवा मुंबईतल्या बऱ्या नोकरीत होते त्याच घरात कॅमेरा पोहोचण्याचा संभव होता, आणि तो गावी येई तो बहुधा गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात, चाकरमान्यांच्या सामानाबरोबर. म्हणूनच कोकणातील घरगुती चित्रणात शेतीच्या कष्टांचे दिवस कमी आणि सणांचे अधिक सापडावेत हे स्वाभाविक आहे; कॅमेरा ज्याचा, वर्षही त्याच्याच सुट्टीचे.

चाकरमानी परत गेले तरी रीळ बहुधा गावच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत राहिले, आणि तेथेच त्याचा खरा शत्रू होता. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात कपड्यांना, चपलांना, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी चढते. फिल्मवरील चित्र ज्या लेपात असते तो जिलेटिनचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या पदार्थाचा असतो आणि बुरशीला ते आयते अन्न होते. त्याहून खोल बिघाड पट्टीतच होतो. ॲसिटेटवर ओलावा आणि उष्णता यांचा परिणाम होऊन त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, सुटू लागते, आणि ते सुटलेले आम्लच पुढचा बिघाड अधिक वेगाने घडवते. पट्टी आकसते, वाकडी होते, ठिसूळ होते आणि शेवटी लेप तिच्यापासून सुटून येतो. या रोगाचे पहिले लक्षण आंबट वास हे आहे. कोकणातल्या घरात आमसुले, लोणची, वाळवलेले आंबोशीचे तुकडे यांमुळे आंबट वासाला इतकी कारणे असतात की त्यात हा वास वेगळा ओळखू येणे कठीण. डांबराच्या गोळ्यांनी त्याला आळा बसत नाही, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी उत्तम असलेला चुलीवरचा उबदार माळा फिल्मला वाईट, कारण तेथील कोरडेपणाचा फायदा उष्णता खाऊन टाकते. गच्च बंद आणि गंजलेला पत्र्याचा डबा सर्वांत वाईट, कारण त्यात सुटलेले आम्ल कोंडून राहते.

घरच्या घरी प्रत करण्याचा पहिला मार्ग व्हिडिओने उघडला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत व्हीसीआर आणि व्हिडिओ कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणातून गावोगाव पोहोचला. भिंतीवर पांढरा कागद लावायचा, प्रोजेक्टरने त्यावर लहान चित्र पाडायचे आणि शेजारी उभे राहून व्हिडिओ कॅमेऱ्याने ते टिपायचे, ही पद्धत सोपी होती, पण चित्र लुकलुके. प्रोजेक्टरमध्ये एक चौकट जाऊन दुसरी येताना प्रकाश अडवणारे फिरते पाते असते, त्याला शटर म्हणतात, आणि भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला ५० अर्धचित्रे घेतली जातात. दोहोंचा मेळ बसला नाही की चित्र एकदा उजळ आणि एकदा काळवंडलेले येते. यावर हौशी मंडळींनी काढलेला तोडगा नामी होता. तीन पात्यांच्या शटरचा प्रोजेक्टर घेऊन त्याची गती सेकंदाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश चौकटी एवढी केली की पाती सेकंदाला नेमकी ५० वेळा प्रकाश अडवतात आणि लुकलुक थांबते. मूळ गती १६ होती, म्हणून हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही.

तोडगा चांगला, पण परिणाम दुर्दैवी ठरला. व्हिडिओ कॅसेट हाती आली की रिळे आणि प्रोजेक्टर अडगळ वाटू लागत, आणि अशा वेळी मूळ फिल्म भंगारात देणे लोकांना शहाणपणाचे वाटले असल्यास नवल नाही. व्हीएचएस कॅसेटमध्ये मात्र फिल्मवरील बारकाव्यांचा लहानसा अंशच उतरत असे आणि कोकणच्या हवेत तिच्या चुंबकीय फितीवरही पांढरी बुरशी येई. ज्या घरांनी दोन्ही ठेवले त्यांनाच आज पुन्हा मूळ रिळाकडे जाता येते. त्यातही नशिबाचा भाग आहे : कोडॅक्रोम या रंगीत फिल्मचे रंग अंधारात अनेक दशके जवळजवळ जसेच्या तसे राहतात, तर इतर कित्येक प्रकारांत निळा आणि पिवळा रंग उडून सगळे चित्र तांबूस होते. कोडॅक्रोम धुण्याची जगातील शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती आणि तेथे ती धुण्यासाठी घेणे डिसेंबर २०१० च्या अखेरीस थांबले, त्यामुळे त्यानंतर कपाटात सापडलेल्या न धुतलेल्या डब्या आता रंगीत होऊ शकत नाहीत.

आजची घरगुती पद्धत भिंतीवर चित्र पाडत नाही. ती प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र छायाचित्र घेते. जुन्या प्रोजेक्टरमधील तापणारा दिवा काढून तेथे थंड एलईडी आणि दुधी काच बसवतात, शटरची पाती काढून टाकतात, मोटर बदलून गती सेकंदाला एक-दोन चौकटींवर आणतात आणि चौकट थांबली की कॅमेऱ्याला इशारा देणारी एक लहान कळ जोडतात. २०१३ च्या सुमारास किनोग्राफ नावाचा असा आराखडा सर्वांना वापरण्यासाठी खुला झाला, पुढे वुल्व्हरीनसारख्या कंपन्यांची आठ मिलिमीटरची तयार यंत्रे आली, आणि २०२० मध्ये रास्पबेरी पाय या पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकासाठी बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा निघाल्यावर हे काम बेताच्या खर्चात आले. सेकंदाला एक या वेगाने ४००० चौकटींना तासापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो, आणि एका चित्राला चार एमबी धरले तर एका रिळाला सोळा जीबी जागा लागते. पावसाळ्यात मधेच वीज गेली तर जेथे काम थांबले त्या चौकटीपासून पुढे चालू करता येते, हा या पद्धतीचा रत्नागिरीपुरता मोठाच गुण म्हणावा लागेल.

यंत्रापेक्षा पूर्वतयारीला वेळ अधिक लागतो आणि बहुतेक नुकसान तेथील घाईने होते. सापडलेले रीळ थेट प्रोजेक्टरवर चढवणे हा मोह टाळावा लागतो, कारण आकसलेल्या फिल्मची छिद्रे यंत्राच्या दातांशी जुळत नाहीत आणि पट्टी फाटत जाते. आकस एका टक्क्यापर्यंत गेला तरी एवढे पुरते. प्रथम हाताने गुंडाळत सगळी पट्टी पाहायची, सुटलेले सांधे चिकटपट्टीने जोडायचे, धूळ आणि बुरशी कोरड्या मऊ कापडाने आणि गरज असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पाणी मात्र लावायचे नाही, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्र कापडावर येते.

एकदा चौकटी संगणकात आल्या की गतीचा प्रश्न उरतो, आणि कोकणातील चित्रणात तो विशेष रंजक आहे. बहुतेक घरगुती फिल्म मुक्या आहेत, कारण ध्वनीसह सुपर ८ फिल्म १९७३ मध्येच आली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, नमन-खेळ्यांत मृदंगावर पावले पडतात. फिल्ममध्ये पावले आहेत, मृदंग नाही. कॅमेऱ्याची गती १६ होती की १८, याची नोंद डब्यावर नसेल तर चालणारी माणसे नैसर्गिक दिसतात का एवढीच कसोटी सर्वसाधारणपणे असते. पालखीच्या बाबतीत याहून नेमकी कसोटी उपलब्ध आहे : ज्याने स्वतः पालखी नाचवली आहे असा गावातला माणूस पडद्याकडे पाहून ठेका जलद झाला की मंद हे सांगू शकतो. संगणकावर सेकंदाला २५ चौकटींनी सरसकट चालवलेली जुनी रूपांतरे पाहिली की पालखी नाचत नसून पळत सुटल्यासारखी दिसते, आणि तेवढ्या पुराव्यावर देवळातल्या उत्सवाविषयी काही लिहिणारा चुकतोच.

अशा चौकटींतून कोकणच्या इतिहासाला जे मिळते ते सहसा चित्रण करणाऱ्याच्या मनातही नसते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी किनारपट्टीची बोट रत्नागिरीसमोर थांबे आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला लागत. ती नियमित वाहतूक आता राहिलेली नाही आणि १९९८ पासून लोक कोकण रेल्वेने येतात. घरच्यांना निरोप देताना कोणी कॅमेरा फिरवला असेल तर पडावात माणसे कशी उतरत, बायका मुलांना कोणाच्या हाती देत, ट्रंका कोठे ठेवत, हे त्यात कोपऱ्यात येऊन गेलेले असते. देवळाचे कौलारू छप्पर, अंगणातला पेंढ्याचा मांडव, एसटीची जुनी गाडी यांवरून तारीख नसलेल्या रिळाचे दशक ठरवता येते. माणसांची नावे मात्र चौकटीवरून ठरत नाहीत. त्यासाठी डिजिटल प्रत तयार झाली की ती घरातल्या वृद्धांना मंद गतीने दाखवून प्रत्येक नाव चौकटीच्या क्रमांकापुढे लिहून घ्यावे लागते, आणि रिळांच्या ढिगातून आधी कोणते घ्यायचे हे ठरवताना कोणत्या रिळाला अधिक वास येतो याबरोबरच त्यातली माणसे ओळखणारे कोण कोण आज हयात आहे हेही पाहावे लागते. प्रतींपैकी एक गावच्या घरी आणि एक मुंबईच्या खोलीवर ठेवण्याची सोय कोकणी कुटुंबांना आधीपासूनच आहे, आणि मूळ रीळ, कितीही आकसलेले असले तरी, नव्या हवेशीर प्लॅस्टिकच्या डब्यात घालून कोरड्या, गार जागी ठेवून द्यायचे असते.